तांदूळ वाढले

आई,

तू गेल्यानंतर मी एक भाषा शिकलो, हे तुला माहीत नाही. तू होतीस तेव्हा मला इंग्रजीसुद्धा धड येत नव्हतं. तू गेल्यावर काही वर्षांनी अंबडला आमच्या कारखान्यात स्पेनहून एक मोठी मशीन आली. तिच्यावरच्या पाट्या स्पॅनिश, सोबतची पुस्तकं स्पॅनिश. साहेब लोक म्हणाले, इंग्रजी पुस्तकं मागवली आहेत, येतील. मी काही वाट बघत बसलो नाही. एकेक पाटी घरी उतरवून आणली आणि अर्थ लावत बसलो. मग मशीन बसवायला तिकडचा एक इंजिनियर आला, तो हिवाळाभर इथेच होता. डबा खायला माझ्याशेजारी बसायचा, चहाच्या टपरीवर माझ्याबरोबर उभा राहायचा. उच्चार मी त्याच्याकडून उचलले. आज मी ती भाषा चांगली बोलतो. कुठल्या क्लासचा नाही, कुठलं सर्टिफिकेट नाही, पण व्याकरण पक्कं आहे. चूक मला खपत नाही, माझीही नाही आणि दुसऱ्याचीही नाही. यात थोडी फुशारकी आहे, ती तू ओळखशीलच. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं तुला कळणार नाही.

ती भाषा मी तुझ्या नातीला दिली. तिला तू पाहिलं नाहीस. चालायला लागली तेव्हापासून तिच्याशी मी हा खेळ खेळत आलो, पाणी दाखवून आग्वा, भाकरी दाखवून पान. पुढे ती माझ्यापेक्षा शिकली, कॉलेजात पहिली आली, तिकडे शिकायला गेली, आणि शिक्षण झाल्यावर तिथेच एका भाषांतराच्या ऑफिसात लागली. दर रविवारी जेवणं उरकली की तिचा फोन येतो, तिकडे तेव्हा सकाळ असते. आधी माझी पाळी. माझ्या पाळीत मराठी बोलायचं नाही, हा नियम मीच केलेला. तुझी सून शेजारी मेथी निवडत बसलेली असते आणि मधेच म्हणते, तुमचे मंत्र म्हणून झाले की द्या इकडे फोन, मला माझ्या लेकीशी माणसासारखं बोलायचंय.

गेल्या रविवारी मी तिला विचारलं, आज काय करतेस जेवायला. ती म्हणाली, बघू, आणि मग म्हणाली, "एल आर्रोथ या आ क्रेथिदो." आर्रोथ म्हणजे तांदूळ. तिकडे राहून तिचा थ अगदी त्या इंजिनियरसारखा झालाय, माझं लक्ष आधी त्या थ-कडेच गेलं. वाक्याचा अर्थ झाला, तांदूळ वाढलाय. आता तांदूळ वाढतो तो शेतात. भांड्यात जास्त झाला असेल तर त्याला ते लोक क्रेथिदो म्हणत नाहीत, सोब्रा म्हणतात, म्हणजे उरलाय. मी लगेच तिला थांबवलं. इतकी वर्षं तिकडे राहून असली कच्ची चूक कशी करतेस, म्हटलं, सोब्रा म्हण. पलीकडे कशावर तरी झाकण ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सी, पापा. सोब्रा." हो पप्पा, उरलाय. मी खूश झालो आणि फोन तुझ्या सुनेकडे दिला.

मंगळवारी सकाळी मी कामाला निघालो होतो. हेल्मेट हातात, एक पाय चपलेत. तुझी सून आतून म्हणाली, "येताना गूळ आणा हो, वाढलाय."

आई, मी तिथेच दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. तिने बाहेर येऊन विचारलं, काय झालं, चक्कर आली का. मी म्हटलं, काही नाही, किल्ली विसरलो. किल्ली हातातच होती.

तुझाच शब्द तो. तू कळवणकडची, तुमच्याकडून आलेला असेल. मी लहान होतो, आपण फुलांच्या मळ्याशेजारच्या त्या पत्र्याच्या खोलीत राहायचो, तू झेंडूच्या खुडणीला जायचीस. एकदा मळेवाल्यांची बायको दारात उभी होती आणि मी आतून ओरडलो होतो, आई, तांदूळ संपले. ती गेल्यावर तू माझा कान धरलास. मारलं नाहीस, कान धरूनच ठेवलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "संपले म्हनू नये रे. घरातलं धान्य आयकत असतं. वाढले म्हन." मी विचारलं, संपले तर वाढले कसे? तू म्हणालीस, तू म्हन, मग वाढतेत. तेव्हापासून मी आपल्या घरात संपलं हा शब्द ऐकला नाही. मीठ वाढलं, पीठ वाढलं, रॉकेल वाढलं. तुझी बांगडी फुटली तरी ती वाढलीच. माझ्या लहानपणी आपल्या घरात सगळं सारखं वाढतच असायचं, आई, आणि तू रात्री पाणी पिऊन झोपायचीस. तुझी सून तुझ्या हाताखाली नांदली, तिने तो शब्द उचलला. तिच्याकडून पोरीने. आता आपल्या घरात गूळ संपला तर दुकान घराखालीच आहे, भीती कसलीच नाही, नुसती सवय राहिली आहे. म्हणून तर मला तो शब्द ऐकूच आला नाही. त्यांच्या भाषेत संपलं याला साधा शब्द आहे, पोरीला तो चांगला येतो. पण स्वयंपाकघराचं बोलताना तिची जीभ तिकडे वळली नाही. तिने तुझा शब्द उचलून त्यांच्या भाषेत जसाच्या तसा ठेवला. तिच्याकडचे तांदूळ संपले होते, आणि मी तिच्याकडून उरलेत असं म्हणवून घेतलं.

मंगळवारी कारखान्यातून फोन लावला. उचलला नाही. जेवणाच्या सुट्टीत लावला, बंद लागला. डबा उघडला आणि तसाच झाकला. संध्याकाळी तिचा निरोप आला, स्पॅनिशमध्ये. कामात होते, मी बरी आहे, उपाशी वगैरे नाही, काळजी करू नका. मी तो निरोप मशीनशेजारी उभा राहून पुन्हा पुन्हा वाचला. व्याकरणात एक चूक नव्हती. पण उपाशी आहेस का, असं मी कुठे विचारलं होतं? तुला माहीत आहे ना, कोणी न विचारता माणूस ज्याला नाही म्हणतो, तेच असतं.

त्यानंतरचे दिवस मला काही सुचेना. मशीनवर जॉब लावताना तुकडा उलटाच बसवला, तेव्हा मी बरोबरच्या माणसाला पुढे केलं आणि डोळ्यात कण गेलाय म्हणून बाजूला झालो. आणि डोक्यात ते शब्द. त्या इंजिनियरने टपरीवर मला किती म्हणी शिकवल्या होत्या. तो गरिबाघरचा होता, त्याचा बाप दुसऱ्याच्या रानात राबलेला, म्हणून त्याच्याकडे त्या वाणाचे शब्द पुष्कळ. खिसा रिकामा झाला की ते म्हणतात आ दोस बेलास, दोन मेणबत्त्यांवर आलोय. हातावर पोट असणाऱ्याला म्हणतात, तो दिवसाला जगतो. आणि अगदीच काही नसलं तर नो तेनेर दोंदे काएर्से मुएर्तो, म्हणजे याला मरून पडायलाही जागा नाही. हे ऐकून मी हसलो होतो, आई. मग मी त्याला आपले दिले, हातातोंडाची गाठ, अठराविश्वे दारिद्र्य. अठरा वीस का, वीस कशाचे, असं तो विचारत बसला आणि मला सांगता येईना. गोट्यांची अदलाबदल करावी तसे आम्ही शब्द बदलत होतो. कसा आहेस विचारलं की तो म्हणायचा तिरांदो, ओढतोय. मी म्हणायचो, आमच्यातही ओढाताणच असते बघ, तुमची आमची गरिबी एकाच दोरीने ओढते. टपरीवाला म्हणायचा, हे दोघं काय बोलतात आणि कशाला हसतात देव जाणे, पण चहा भरपूर पितात. मी ते शब्द हौसेने गोळा केले, कारण मला वाटलं होतं की आपल्याला आता ते कामाचे नाहीत. आता त्यातला एकेक शब्द काढून पोरीच्या अंगाला लावून बघत होतो. हा बसतो का. हा?

एक गोष्ट मी लोकांना नेहमी ऐटीत सांगायचो. त्यांच्यात गरिबाला पोब्रे म्हणतात. तो शब्द माणसाच्या नंतर ठेवला तर अर्थ होतो पैसा नसलेला माणूस. आधी ठेवला तर अर्थ होतो बिचारा माणूस. आपल्याकडे गरीब म्हटलं तर निराळंच. तू मास्तरांना माझ्याबद्दल सांगायचीस, पोरगं लय गरीब हाय, म्हणजे गरीब गायीसारखं, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेलं. घरात काही नाही हे तू मास्तरांना कधीच सांगितलं नाहीस. हे सगळं मी टपरीवर उभा राहून तास तास समजावू शकतो. पण या दिवसांत एकदा कारखान्यातून घरी येताना सिग्नलला थांबलो होतो आणि मला ठरवता येईना की हा शब्द माझ्या लेकीच्या आधी येतो की नंतर. मागचे हॉर्न वाजवत होते.

आणि भीती वाटली ती नुसती तिच्या उपासाची नाही. तुझी वाटली. तू जे सगळं गिळलंस ते माझ्या वाट्याला आलं नाही, मी नोकरीला लागलो, घर झालं, मला वाटलं संपलं ते. पण ते मला ओलांडून तिच्याकडे गेलं की काय? समुद्रापलीकडे, जिथे मळेवालीण नाही, शेजारीण नाही, तिथे तिला गाठलं की काय?

तुझ्या शेजारणीची आठवण झाली. तिची चूल पेटली नाही हे तुला धुरावरून कळायचं. तू कधी तिला विचारलं नाहीस. गरम भाकरी कापडात गुंडाळून मलाच तिच्याकडे पाठवायचीस, आणि काय म्हणायचं तेही पढवून द्यायचीस, की आईने पीठ जास्त मळलं, वाया जाईल म्हणून दिलंय. पीठ जास्त नसायचं. तीही ते जाणून असायची आणि म्हणायची, तुझ्या आईचा हातच मेला सढळ. इतकं सगळं खोटं बोलून तुम्ही दोघी एकमेकींशी किती खऱ्या वागायचात. मला हे समुद्रावरून करायचं होतं. काय पढवू, कोणाला पाठवू? पैसे पाठवावेत तर ती परत पाठवेल, ती माझीच मुलगी आहे, ताठ.

तुझ्या सुनेपासून मी हे लपवलं होतं, पण अर्धं ताट टाकून मी उठायला लागलो तेव्हा तिने ताट पुढे सरकवून विचारलंच, काय चाललंय तुमचं. मी सांगितलं. क्रेथिदो म्हणजे काय, सोब्रा म्हणजे काय, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, तिने मला त्या रविवारी पेज कशी करायची ते विचारलं होतं. मूठभर तांदळात किती पाणी घालायचं, दोन वेळ पुरेल अशी पातळ होईल का. मला वाटलं पोट बिघडलंय पोरीचं, म्हणून म्हटलं, मीठ जरा जास्त घाल. एवढं सांगून तुझी सून उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिच्याशी पोर मराठीत बोलली होती, मोकळं बोलली होती, तरी तिलाही कळलं नव्हतं. दोन भाषांत मिळून आम्ही दोघांनी एका पोरीचं एक वाक्य ऐकलं नाही.

काल संध्याकाळी तिने फोन उचलला. तुझी सून माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. मी नियम मोडला, मराठीतच म्हणालो, "बाळा, तांदूळ वाढले होते ना गं?"

 तिच्या श्वासाचा आवाज येत होता. मला वाटलं फोन ठेवतेय. मग ती म्हणाली, "पप्पा, मराठीत नका विचारू. मराठीत विचारलंत तर मला नाही सांगता येणार."

मग मी स्पॅनिशमध्ये विचारलं, आस कोमिदो, जेवलीस का. ती म्हणाली, नो. आणि मग तिने सगळं सांगितलं, त्यांच्याच भाषेत, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं. ऑफिस उन्हाळ्यातच बंद पडलं होतं. खोलीत बरोबर राहणाऱ्या मुली निघून गेल्या. ती घरोघरी मुलांना इंग्रजी शिकवत होती, तेही कमी कमी होत गेलं. मागे एकदा तिने मला सांगितलं होतं की शनिवारी एका ठिकाणी गरिबांना जेवण वाटतात, तिथे मी जाते. मी ते सगळ्या आळीत अभिमानाने सांगितलं होतं, पोरगी तिकडे सेवा करते म्हणून. ती वाढायला जात नव्हती, आई. त्या रांगेला ते लोक कोला देल आंब्रे म्हणतात, भुकेची रांग. हा शब्द त्या इंजिनियरने मला शिकवला नव्हता, पण दोन्ही शब्द सुटे सुटे मला येत होते, जोडून कळले. ती रडत नव्हती. बोलताना तिची शब्दांची लिंगं चुकत होती, काळ चुकत होते, इतकी चुकताना मी तिला कधी ऐकलं नाही. मी एकही चूक दुरुस्त केली नाही.

मी म्हटलं बुएल्बे आ कासा, घरी ये. तिने मराठीत उत्तर दिलं, "बघते." आपल्याकडे बघते म्हणजे काय ते तुला सांगायला नको. पैसे पाठवतो म्हटलं तर नाही म्हणाली. तेव्हा मी म्हटलं, अगं, माझा ओव्हरटाइम झालाय या वेळी जास्तच, इथे पडून काय करायचाय. ओव्हरटाइम झालेला नाही. ती जरा हसली आणि म्हणाली, बरं. सोमवारी बँक उघडली की पहिलं ते काम करतो.

हे तुला लिहितोय खरं, पण कुठे टाकणार. लिहून झालं की घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवीन, म्हणजे तुझ्या सुनेच्या हाती लागणार नाही. तिच्या हाती लागू नये, त्याला कारण आहे. काल फोनवर शेवटी पोरीने एक शब्द दोनदा वापरला. देसाउथिओ. त्या वाक्यात घरमालक होता, कोर्टाचा कागद होता, येता आठवडा होता, आणि हा शब्द. मी दोन्ही वेळा सी, सी म्हणालो, कळल्यासारखं. फोन ठेवल्यावर तुझ्या सुनेने विचारलं, ते सारखं काय म्हणत होती ती, देसा काहीतरी. मी म्हटलं, ते तिकडच्या एका ऑफिसचं नाव आहे. तिने मान हलवली. इतक्या वर्षांत मी सांगितलेला अर्थ तिने कधी तपासला नाही. फोन आता माझ्या हातात आहे, त्यात शब्दकोश आहे, शब्द टाकला की क्षणात अर्थ येईल. सकाळपासून दोनदा टाकायला घेतला आणि पुसला.

मला तो शब्द येत नाही, आई.